कारणाचा रकाना

नावडे रोडच्या लूपमध्ये गाडी उभी.
पंचेचाळीस वॅगन, सगळे कंटेनर न्हाव्याकडचे, सीलबंद.
चौदा वर्षं मी त्यांच्या शेपटाला बसतो.
आत काय असतं ते कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

ब्रेकव्हॅनला पंखा नाही.
एक लोखंडी पेटी, दोन झेंडे, पाण्याचा कॅन, हातदिवा.
तळोज्याकडून वारा फिरला की कासाडीचा वास येतो,
ज्याला आता फक्त पाहुणे वास म्हणतात.

पूर्वी पनवेल ते दिवा, रात्र आमची होती.
कळंबोली सुटलं की निळजेपर्यंत सिग्नल हिरवे,
आणि मी डबा उघडून
हलत्या मांडीवर सावकाश जेवायचो.

मग एका सोमवारी नवं वेळापत्रक आलं.
दोन कागद, गंजकी टाचणी.
त्यात रात्री दहा बावन्नची मेमू.
कंट्रोलवाले पाथ म्हणतात,
आपल्या भाषेत वाट.
ती एकाला दिली की दुसऱ्यानं बघायची.
रूळ तेवढेच आहेत.

तेव्हापासून रोज लूप.
रोज ती शेजारून जाते, अर्धी रिकामी,
आणि मी मनात माणसं मोजतो,
नऊ, अकरा, एकदा तर चारच.
चार माणसांसाठी दोन हजार टन लोखंड ताटकळतं!
जर्नलात 'थांबण्याचं कारण' असा रकाना आहे.
मी लिहायचो: पॅसेंजर.
पेन दाबून लिहायचो.

पौषात एका रात्री आमची कपलिंग तुटली,
नावडे सोडून किलोमीटरभरसुद्धा गेलो नव्हतो.
नियम असा की गार्डानं लाल दिवा घेऊन मागे चालत जायचं,
रुळावर फटाके बांधायचे,
मागच्याला सांगायचं, येऊ नको.
गेलो. खडी पायाखाली सरकत होती.
मागची मेमू नावड्याच्या फलाटावरच उभी होती,
दारं उघडी, माणसं खाली उतरलेली.
ते माझ्या दिव्याकडे बघत होते,
उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं.

द्वारकी भोईर नावाची बाई पुढं झाली.
औषधांच्या कंपनीत दुसरी पाळी,
गोळ्यांच्या पाकिटांवर तारीख छापते.
"तो रोज लूपला असतो तो तूच का रं?
आमाला वाटायचं, तिथं नुसता दिवाच ठेवलाय."
मी म्हटलं, तुमच्यामुळं माझा रोज पाऊण तास जातो.
"ही गाडी नव्हती तवा आमी चालत जायचो,
तळोज्याच्या पुढंपर्यंत, ट्रकच्या उजेडात.
चार वर्सं सह्या गोळा केल्या. अंगठेपन.
तुज्या मालावर तारीख हाय का?
आमच्या झोपंवर हाय."

कुणीतरी उकडलेलं अंडं दिलं, मीठ कागदात.
लाल दिवा डाव्या हातात धरून खाल्लं.
दुसरं इंजिन यायला दोन तास सत्तावीस मिनिटं लागली.
तेवढा वेळ कुणी फार काही बोललं नाही.
एक पोरगा फलाटावर झोपला,
त्याच्या डोक्याखाली हेल्मेट.

आता पुन्हा लूप. पुढच्या महिन्यात म्हणे अजून दोन फेऱ्या.
आमचा ड्रायव्हर कुरकुरतो, मीही कुरकुरतो,
त्यानं रात्र जरा लवकर सरते.
दहा बावन्नची पंचावन्नला येते.
जाणाऱ्या गाडीला हिरवा दिवा दाखवणं नियमातच आहे,
म्हणून दाखवतो.
काल शेवटच्या डब्याच्या खिडकीतून
हिरव्या पिशवीआडून मोबाईलचा उजेड हलला.
याला काय उत्तर द्यायचं,
पुस्तकात कुठं नाही.
मी दिवा धरून ठेवला,
खिडक्या संपल्या तरी,
मग नुसते रूळ वाजत होते तरी.

जर्नल उघडलं. वेळ लिहिली.
कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं.
सिग्नल पिवळा झाला,
गाडीनं पुढून एकेक डबा ओढायला घेतला,
तो धक्का माझ्यापर्यंत यायला
नेहमीसारखाच वेळ लागला.